न्यासपत्रातलं पहिलं कलम

मे महिन्यात नागपूरच्या धरमपेठेतल्या एका घरून बोलावणं आलं. घरचे काका पंच्याहत्तरीच्या पुढचे. लोखंडाचा धंदा होता, तो त्यांनी पाच वर्षांपूर्वी आटोपता घेतला. मुलगा सिॲटलला, मुलगी पुण्याला, आणि दोघांनीही ‘आम्हाला काही नको’ असं सांगून टाकलेलं. तेव्हा काकांनी ठरवलं की वर्धा रोडवरचा प्लॉट विकायचा आणि त्या पैशाचा ट्रस्ट करायचा. मी तीस वर्षं विदर्भातल्या लहानमोठ्या संस्थांचे हिशेब लिहिले, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात हेलपाटे घातले, म्हणून मसुदा डोळ्यांखालून घालायचं काम माझ्याकडे आलं. कूलरच्या घरघराटात, पन्ह्याचा पेला बाजूला सारून मी वाचायला लागले.

उद्दिष्टांची तीन कलमं होती. पहिलं, लोकसंख्या नियंत्रणासाठी कार्य करणे. दुसरं, पर्यावरणाचे रक्षण करणे. तिसरं, विदर्भातील तलाव, नद्या, जंगले व वारसास्थळे यांचे जतन करणे.

दुसरं मोघम होतं, तिसरं छान होतं. पहिल्यावर मी पेन्सिलीने फुली मारली.

काका उखडले. “ताई, मूळ तर तेच आहे ना! सीताबर्डीवर गर्दी पाहून राहिल्या ना तुम्ही? खाणारी तोंडं वाढूनच राहिली, तर झाडं लावून काय होते?”

हे मी आयुष्यभर ऐकत आले आहे. सकाळी अंबाझरीवर फिरायला येणाऱ्यांकडून, दवाखान्याच्या बाकावर, विदर्भ एक्सप्रेसच्या डब्यात. असं म्हणणारी माणसं वाईट नसतात. बहुतेक काकांसारखी कनवाळूच असतात, कोणाच्या पोरीच्या फीसाठी गुपचूप चेक देणारी. त्या दुपारी मला नीट उत्तर देता आलं नाही, कारण काकूंनी जेवायचा आग्रह धरला आणि विषय वांग्याच्या भाजीवर गेला. म्हणून हे लिहिते आहे. झाडांसाठी पैसा द्यावा, बाळंतिणींसाठी द्यावा, तलावांसाठी तर जरूर द्यावा. पण या सगळ्यांच्या डोक्यावर ‘लोकसंख्या’ हा शब्द बसवला की देणगी नासते, आणि नासलेली देणगी कुठवर जाते ते जगाने पाहिलेलं आहे.

आधी आपल्या गावाचंच घेऊ. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता. अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी पाण्यात गेली, मोरभवनच्या स्थानकात बसगाड्या बुडाल्या, माणसं दगावली. पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात सुनावण्या झाल्या. तिथे बोललं गेलं ते सांडव्यासमोरच्या बांधकामाबद्दल, नाग नदीच्या पात्रातल्या अतिक्रमणांबद्दल, दीडशे वर्षांच्या बांधाच्या मजबुतीबद्दल. बुडालेले ले-आउट खात्यापित्या लोकांचे. तिथे घरटी एक, फार तर दोन मुलं. नदीचा गळा आवळला तो नकाशे मंजूर करणाऱ्यांनी आणि करून घेणाऱ्यांनी, पाळणे हलवणाऱ्यांनी नव्हे.

त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २०२२ मध्ये, खसाळ्याच्या राख-तलावाचा बांध फुटला. औष्णिक वीज केंद्राची राख वाहत कन्हान नदीत उतरली आणि शहराच्या पाणीपुरवठ्याला फटका बसला. ती राख कोणाच्या तिसऱ्या लेकराने केलेली नव्हती. ती विजेची राख होती, आणि वीज माणशी सारखी वाटली जात नाही. काकांच्या घरी चार एसी आहेत (कूलर त्यांनी केवळ वाळ्याच्या वासासाठी ठेवला आहे), आणि त्यांच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईच्या घरी दोन दिवे आणि एक पंखा. तोंडं मोजली तर त्या बाईचं घर मोठं भरतं. राख मोजली तर काकांचं.

आणि तोंडांचंच म्हणाल, तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशाचा एकूण जननदर २.० निघाला, महाराष्ट्राचा १.७. लोकसंख्या जागच्या जागी राहायला साधारण २.१ लागतो. म्हणजे जे काम काका हाती घेणार आहेत ते महाराष्ट्रातल्या बायकांनी त्यांच्या ट्रस्टची वाट न पाहता उरकलेलं आहे. देशाची लोकसंख्या अजून काही दशकं चढेल, कारण तरुण जास्त आहेत. जी मुलगी आधीच जन्मली आहे ती केव्हातरी आई होणारच. त्याला कोणाचा चेक आडवा येऊ शकत नाही.

मराठीत दोन शब्द आहेत आणि आपण ते एकाच्या जागी दुसरा सर्रास वापरतो. संततिनियमन आणि लोकसंख्या नियंत्रण. नियमन आपलं आपण करायचं असतं. नियंत्रण दुसऱ्यावर ठेवायचं असतं. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत केंद्र काढलं ते पहिल्या शब्दासाठी. त्यापायी नोकरी गेली, खटले झाले, तरी ‘समाजस्वास्थ्य’ त्यांनी १९२७ पासून मरेपर्यंत चालवलं. त्यांना देशाची डोकी मोजायची नव्हती. बाईच्या शरीरावर बाईचा हक्क असावा एवढंच त्यांचं मागणं होतं. १९३८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाचा ठराव आणला. तो फेटाळला गेला. आज लोकसंख्येवर भाषणं ठोकणाऱ्यांचे वैचारिक पूर्वज तेव्हा बहुधा ठरावाच्या विरोधात असते, असा माझा आपला संशय.

त्याच्या तीन वर्षं आधी, डिसेंबर १९३५ मध्ये, मार्गारेट सँगर नावाची अमेरिकन बाई आपल्या वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटली होती. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये तिने १९१६ साली संततिनियमनाचा दवाखाना काढला आणि त्यासाठी तुरुंगात गेली. गांधीजी म्हणाले संयम, ती म्हणाली साधनं. दोघंही आपापल्या जागी ठाम राहिली. ही धाडसी बाई, पण तिच्या लिहिण्याबोलण्यात ‘चांगली पैदास’ आणि ‘वाईट पैदास’ अशी त्या काळच्या सुप्रजननवाल्यांची भाषाही मिसळलेली होती. नियमनाच्या आत नियंत्रण कसं शिरतं ते तिथे दिसतं. आणि तिच्याचपासून एक धागा थेट त्या ट्रस्टपर्यंत जातो, ज्याची तीन कलमं काकांच्या मसुद्याशी जुळतात.

पिट्सबर्ग हे अमेरिकेतलं पोलादाचं शहर. तिथलं मेलन घराणं म्हणजे बँका, ॲल्युमिनियम आणि तेल. या घराण्यातली एक वारस, कॉर्डेलिया स्केफ मे, जन्म १९२८. सँगर तिच्या घरच्या ओळखीची आणि तिची आदर्श. तरुणपणी तिने कुटुंबनियोजनाच्या संस्थांना पैसा दिला. पक्षी, झाडं, नद्या यांचं तिला मनापासून वेड होतं. पुढे तिच्या डोक्यात एकच हिशेब पक्का झाला. निसर्गाचा शत्रू म्हणजे माणसांची संख्या. अमेरिकेत जन्मदर तर खाली येत होता, मग संख्या कशाने वाढते? बाहेरून येणाऱ्यांनी. झालं. १९९६ साली तिने कोलकॉम फाउंडेशन काढलं. २००५ मध्ये ती गेली आणि तिच्या इस्टेटीतले चाळीस कोटी डॉलरच्या वर पैसे त्याला मिळाले. एका हाताने हे फाउंडेशन पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या टेकड्या, नदीकाठ आणि उद्यानं राखायला पैसा देतं. दुसऱ्या हाताने स्थलांतर रोखा म्हणणाऱ्या संघटना पोसतं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१९ मध्ये हिशेब मांडला, त्यात २००५ नंतर अशा संघटनांकडे गेलेली रक्कम १८ कोटी डॉलर निघाली.

टेकडीवर फिरायला जाणाऱ्या पिट्सबर्गकराला यातलं काय दिसतं? एक स्वच्छ पायवाट आणि कडेला देणगीदाराच्या नावाची पाटी. त्या पाटीमुळे दुसऱ्या हाताकडे कोणी पाहत नाही. हिशेबनीस म्हणून मला यात सगळ्यात अस्सल वाटतं ते हे की तिने कुठेच खोटं लिहिलं नव्हतं. लोकसंख्या, पर्यावरण, प्रदेशाचं जतन, सगळं उघड. पहिल्या कलमाने बाकीच्या दोघांना कामाला लावलं इतकंच.

आपल्याकडे हे कलम परदेशी पाहुणं म्हणून आलं आणि सरकारी जावई होऊन बसलं. १९५२ मध्ये भारताने सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला, जगात पहिला. त्याच वर्षी फोर्ड फाउंडेशनने दिल्लीत कार्यालय थाटलं. त्याच वर्षी तिकडे तिसऱ्या जॉन रॉकफेलरने पॉप्युलेशन कौन्सिल काढली. पुढच्या दोन दशकांत या मंडळींचा पैसा, तज्ज्ञ आणि सल्ले आपल्या कार्यक्रमात मुरले. हेतू चांगला होता असं मी धरून चालते. पण पैसा आला की फॉर्म येतो, फॉर्मात रकाने येतात, आणि माझा तीस वर्षांचा अनुभव सांगतो की ज्याचा रकाना असतो तेच काम होतं. बाईचा अशक्तपणा गेला का, याला रकाना नव्हता. ऑपरेशनं किती, याला होता. मग लक्ष्य आलं, लक्ष्याला बक्षीस आलं, बक्षीस पुरेना तेव्हा दंड आला.

१९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या. त्यातले साठ लाखांच्या वर पुरुष होते. महाराष्ट्राने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळात मंजूरही केलं; राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्याचा हा पराक्रम आपल्या शाळेच्या पुस्तकात कधी आला नाही.

आणीबाणी गेली, पुरुष बिथरले, आणि राज्यकर्त्यांनी धडा घेतला. कोणता? की पुरुषांच्या वाटेला जायचं नाही. २०१९-२१ च्या त्याच सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के नसबंदीवर विसंबलेल्या आणि पुरुष नसबंदीचं प्रमाण ०.३ टक्के. नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली आणि तेरा-चौदा जणी गेल्या. बिलासपूर आपल्याला दूर नाही, हावडा लाइनवर रात्रीचा प्रवास. सर्वोच्च न्यायालयाला २०१६ मध्ये सांगावं लागलं की ही शिबिरं तीन वर्षांत बंद करा. लक्ष्यं तर कागदावर १९९६ लाच संपली होती. रकाने मरत नाहीत, ते फक्त फॉर्म बदलतात.

आणि संख्येची गंमत अशी की ती कधी नुसती संख्या राहत नाही. कोणाची संख्या, हा प्रश्न तिच्या पाठोपाठ येतोच. आपल्या नागपुरातच पाहा ना. २०२२ च्या विजयादशमीला रेशीमबागेतून सरसंघचालकांनी सर्वांना सारखं लागू होणारं लोकसंख्या धोरण हवं असं सांगितलं, लोकसंख्येच्या असमतोलाचा मुद्दा मांडला. १ डिसेंबर २०२४ ला, याच शहरात, एका कुलसंमेलनात त्यांनी सांगितलं की जननदर २.१ च्या खाली गेला तर समाज नष्ट होतो, म्हणून तीन मुलं हवीत. दोन वर्षांत काटा कमीवरून जास्तीवर. त्यांच्या विचारात याची संगती असेलही. मला दिसतं ते एवढंच की दोन्ही वेळा मोजणारा पुरुष आहे आणि पोट बाईचं. तिकडे राज्य सरकारचा नियम सांगतो की १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येणार नाही. मग तीन मुलांची आई व्हावं की सरपंच, ते त्या बाईने कोणाला विचारायचं?

आता उलटी बाजू. परदेशी फाउंडेशन म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’ या आरोग्यसंस्थेचं काम १९८६ पासून चालू आहे. डॉ. राणी बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, त्यात ९२ टक्के जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला. १९८९ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं तेव्हा दिल्लीपासून जिनिव्हापर्यंत लोक चपापले, कारण तोवर या बायकांकडे सरकारने फक्त ‘पात्र जोडपी’ या रकान्यातून पाहिलं होतं. गर्भाशय बंद करायला यंत्रणा होती, त्यातल्या दुखण्यावर औषध द्यायला नव्हती. पुढे डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतले नवजात मृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटले. या प्रयोगाला पैसा कोणाचा होता? मॅकआर्थर फाउंडेशनचा आणि फोर्ड फाउंडेशनचा. हो, त्याच फोर्डचा.

म्हणजे पैशाचा रंग एकच, पण एकदा त्याने ऑपरेशनं मोजली आणि एकदा जगलेली बाळं. आणि जी आई आपलं बाळ जगेल याची खात्री बाळगते ती चौथ्याची वाट पाहत नाही. हे कुठल्याही आशाताईला विचारा, ती अडाण्याला समजावल्यासारखं समजावून सांगेल. कर्व्यांचं नियमन तिथे साधलं, आणि ते लोकसंख्येचं नाव न घेता साधलं.

काकांच्या तिसऱ्या कलमाबद्दल मला प्रेम आहे. प्रदेश हे दानाला बरोबर माप आहे. धरमपेठेतल्या माणसाला ॲमेझॉनचं जंगल राखता येत नाही, गोरेवाड्याचं येतं. चूक झाली तर स्कूटरवर जाऊन पाहता येते. आपल्याकडे काम पडलेलंही आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत सहा हजारांच्या वर मामा तलाव आहेत, माजी मालगुजारी म्हणून मामा. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी ते खोदले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि वर्षानुवर्षं गाळ काढायची ज्यांची रीत होती त्यांचा संबंध तुटला. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाला सोबत घेऊन यातले काही तलाव जिवंत केले. ते काम कसं होतं पाहा. आधी बेशरमाची झुडपं उपटायची. मग तळाची माती नांगरून त्यात स्थानिक पाणवनस्पती लावायच्या, कारण गावठी मासे त्यांच्यातच अंडी घालतात. कुठली वनस्पती, कुठला मासा, हे सांगणार ढिवर बाया. यात जेसीबी कमी लागतो आणि बैठका जास्त. वाघाच्या फोटोसारखा तलावाच्या गाळाचा फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर शोभत नाही, म्हणून इथे पैसा येत नाही.

वाघांचंही अगदीच वाकडं नाही. नागपूर-सिवनी महामार्ग पेंचमधून जातो. पर्यावरणवाल्यांनी कोर्टात लावून धरलं म्हणून रस्त्याखालून जनावरांना जायला मार्ग ठेवले गेले, आणि त्यातून वाघ जाताना कॅमेऱ्यांनी टिपले. तो पैसा, ती वकिली, ती चिकाटी हे सगळं दान म्हणून मोजायला हवं. तिथे कोणी म्हणालं नाही की सिवनीच्या लोकांना मुलं कमी होऊ द्या म्हणजे वाघ वाचेल. रस्ता उचला म्हणाले.

तिसऱ्या कलमातही एक काटा आहे. ‘आपला प्रदेश’ म्हटलं की ‘बाहेरचे’ हा शब्द मागून येतो. पिट्सबर्गला तोच आला. नागपुरात तो उच्चारायची सोय नाही, हे आपलं भाग्य. राजापूर बारसा नावाच्या बारा वाड्यांच्या जागी हे शहर वसवलं देवगडच्या बख्त बुलंद शाह या गोंड राजाने, १७०२ च्या आसपास. भोसले आले पश्चिम महाराष्ट्रातून. १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली ती गुजरातेतून आलेल्या पारशी टाटांची, मजूर छत्तीसगडपासून वऱ्हाडापर्यंतचे. १९५६ पर्यंत आपण आधी मध्य प्रांताची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतो आणि निम्मं गाव हिंदीत भांडत होतं, अजूनही भांडतं. इथे बाहेरचा कोण हे ठरवायला बसलो तर शेवटी गोंडांखेरीज सगळ्यांना वर्धा रोडने चालतं व्हावं लागेल. तेव्हा जतनाच्या कलमात ‘मूळ रहिवासी’, ‘वाढते लोंढे’ असले शब्द वकिलाने हौसेने घातले तर तेही मी पेन्सिलीने उडवणार.

कोणी म्हणेल, एवढा शब्दांचा कीस कशाला? काका सज्जन आहेत, चांगलंच काम करतील. करतील. पण काका किती वर्षं? न्यासाची उद्दिष्टं एकदा धर्मादाय आयुक्तांकडे नोंदली गेली की बदलणं हे दिव्य असतं, आणि दात्यामागे विश्वस्त त्या शब्दांना बांधलेले राहतात. मे बाई २००५ मध्ये गेल्या, त्यांचं पहिलं कलम अजून पगार वाटतं आहे. काकांच्या पाच विश्वस्तांमध्ये उद्या कोण येईल, त्याच्या डोक्यात ‘लोकसंख्या नियंत्रण’ याचा अर्थ मोमिनपुऱ्यातला असेल की झोपडपट्टीतला की पारध्यांच्या बेड्यावरचा, हे काकांना वरून पाहत बसावं लागेल.

शिवाय अशा गावठी ट्रस्टचं महत्त्व आता वाढलं आहे. पूर्वी मोठ्या संस्थेला परदेशी पैसा मिळायचा आणि त्यातला थोडा झिरपत एटापल्लीच्या, अर्जुनी मोरगावच्या चार माणसांच्या संस्थेपर्यंत यायचा. २०२० मध्ये परकीय देणगी कायदा दुरुस्त झाला, एकीने घेतलेला पैसा दुसरीला द्यायला बंदी आली, कार्यालयीन खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. मी ज्यांचे हिशेब लिहीत होते त्यातल्या काहींनी त्या वर्षी माणसं कमी केली, काहींनी कपाटं विकली. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठी काढून ठेवायचा पैसा, आहे, २०१३ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांच्या नफ्याचे दोन टक्के. पण त्या पैशाला एका आर्थिक वर्षात फोटो लागतो. गाळ काढणं, मासे परत येणं, बाईने दवाखान्यात स्वतःहून पाय ठेवणं, ही मार्च एंडला संपणारी कामं नव्हेत. उरतात काका. त्यांच्यासारखे दहा-वीस लोक नागपुरात निघाले तर पूर्व विदर्भाचं पुष्कळ भलं होईल, म्हणून तर त्यांच्या पहिल्या ओळीवर मी इतकी अडून बसले.

मी त्यांना सुचवलं ते असं. आरोग्याला पैसा द्यायचा असेल तर वेगळं कलम करा, त्यात ‘स्त्रियांचे व बालकांचे आरोग्य, त्यांच्या मागणीनुसार’ एवढंच लिहा, आणि त्याचा पर्यावरणाशी काहीही संबंध जोडू नका. जतनाच्या कामात जिथे तलाव तिथला एक ढिवर, जिथे जंगल तिथल्या ग्रामसभेचा एक माणूस विश्वस्त मंडळाच्या बैठकीत बसू द्या, मत देण्याच्या हक्कासह. काका म्हणाले, बैठक तर धरमपेठेत होईल. मी म्हटलं, मग वर्षातनं एक नवेगावबांधला घ्या, हुरड्याच्या दिवसांत.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा काका वेगळ्याच विषयावर बोलायला लागले. १९७६ मध्ये ते वडिलांच्या दुकानात बसत. परवान्याचं नूतनीकरण अडलं होतं. साहेबाने सांगितलं, दोन केसेस आणा. काकांनी गोदामात हमाली करणाऱ्या दोघांना रिक्षात बसवून नेलं. एकाचं लग्न होऊन वर्षही झालेलं नव्हतं. “त्याला डबा दिला तुपाचा,” काका म्हणाले. “दुसऱ्या दिवशीपासून आला नाही कामावर. डबा पायरीवर ठेवून गेला होता.” काकू ताट वाढत होत्या. त्यांनाही हे नवीन असावं, कारण त्या पळी हातात धरून उभ्याच राहिल्या.

पेन्सिलीच्या फुलीबद्दल त्यानंतर काका काही बोलले नाहीत. मसुदा सध्या वकिलाकडे आहे. पहिल्या क्रमांकापुढची जागा कोरी आहे, कारण तिथे काय घालायचं यावर काकांचं आणि सिॲटलच्या मुलाचं फोनवर चाललं आहे. जागा काढूनच टाका म्हटलं, तर काका म्हणतात, मग दोनाचा एक आणि तिनाचा दोन करावा लागेल, आणि टायपिस्ट परत पूर्ण पानाचे पैसे मागून राहिला.